रिकामा चौकोन: हॉस्पिटलातला औषधांचा चार्ट कॉम्प्युटरवर गेल्यावर काय बदलतं

"सिस्टर पेशंटकडे बघतच नाहीत हो, सगळं लक्ष त्या टॅबमध्ये!" मिरजेच्या हॉस्पिटलांत नातेवाईकांची ही तक्रार हल्ली बऱ्याचदा कानावर येते. तक्रार अगदी खोटी नाही. पण त्या टॅबमध्ये काय चाललेलं असतं हे कुणी त्यांना नीट सांगत नाही, म्हणून हा लेख.

मिरजेत कधी कुणाला ॲडमिट करावं लागलं नाही असं घर आपल्या भागात सापडणं अवघड. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे हॉस्पिटल उभारलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज जत-आटपाडीपासून अथणी-रायबागपर्यंतचे पेशंट या एका गावात येतात. ज्यांनी इथे रात्री काढल्यात त्यांनी कॉटच्या पायथ्याशी अडकवलेली फाईल पाहिलेली असते. तिच्यात एक आडवा, रेघा मारलेला कागद असतो. तोच ट्रीटमेंट शीट किंवा औषधांचा चार्ट. डावीकडे औषधाचं नाव, किती द्यायचं, तोंडाने की शिरेतून, दिवसातून किती वेळा. उजवीकडे तारखा आणि वेळांचे चौकोन. औषध दिलं की सिस्टरने त्या चौकोनात सही करायची. अख्ख्या फाईलमध्ये सर्वांत जास्त वेळा हात लागतो तो या कागदाला.

हा कागद कॉम्प्युटरवर का न्यायचा, असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: डॉक्टरांचं अक्षर. अक्षराचा त्रास खरा आहे. २०१६ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने औषधं जेनेरिक नावाने, वाचता येईल अशी आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा असा नियमच केला. घाईत लिहिलेल्या इन्सुलिनच्या ४ पुढे युनिटसाठीचा इंग्रजी यू जरा गोल झाला की ४ चे ४० वाचले जातात. दशांश चिन्हाआधी शून्य राहिलं तर अर्ध्या मिलिग्रॅमचे पाच होतात. डोपामिन आणि डोब्युटामिन, सेफोटॅक्झिम आणि सेफ्ट्रिॲक्सोन ही नावं छापून आली तरी डोळा फसतो, मग रात्री दोन वाजता लिहिलेल्या अक्षराचं काय. कॉम्प्युटरवर नाव यादीतून निवडायचं असतं, आकडा ठरलेल्या चौकटीत टाकायचा असतो, 'युनिट' हा शब्द पूर्ण येतो. हा प्रश्न बराचसा मिटतो.

अक्षराखेरीज आणखी एक खर्च असतो, तो बाहेरच्यांना दिसत नाही. डॉक्टर राऊंडला केस पेपरवर लिहितात. सिस्टर ते चार्टवर उतरवतात. तिथून औषधं मागवायच्या इंडेंटवर, तिथून पुढच्या पाळीला ओव्हर देण्याच्या वहीत. एकच औषध चार ठिकाणी हाताने लिहिलं जातं आणि दर वेळी काहीतरी निसटायची सोय होते. संध्याकाळी डॉक्टरांनी डोस कमी केला, केस पेपरवर बदललं आणि चार्टवर जुनंच राहिलं, हा प्रकार वॉर्डात काम केलेल्या कुणालाही नवा नाही. चार्ट कॉम्प्युटरवर असेल तर डॉक्टरांनी दिलेली ऑर्डर हीच चार्टवरची ओळ होते. उतरवून घेण्याची पायरीच उरत नाही.

पण माझ्या मते खरा मुद्दा यापुढे सुरू होतो.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या दोन हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३९ टक्के चुका डॉक्टर औषध लिहितानाच्या होत्या आणि ३८ टक्के प्रत्यक्ष औषध देतानाच्या. म्हणजे जवळजवळ सारख्याच. फरक पुढे आहे. लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या पेशंटपर्यंत पोहोचण्याआधी कुणीतरी पकडल्या होत्या. देताना झालेल्या चुकांपैकी पकडल्या गेल्या फक्त २ टक्के. कारण उघड आहे. डॉक्टरांच्या मागे फार्मासिस्ट असतो, त्याच्या मागे सिस्टर असते. सिस्टरच्या मागे कुणी नसतं, समोर थेट पेशंटची शीर असते. म्हणून चार्टचा उजवा भाग, म्हणजे 'दिलं का, कधी दिलं, कुणी दिलं' हा भाग, डाव्या भागापेक्षा जास्त नाजूक आहे. आणि त्या भागातली सर्वांत घातक गोष्ट चुकीची सही नाही, रिकामा चौकोन आहे.

समजा रात्री दहाला नवी पाळी आली. आजोबांच्या चार्टवर रात्री आठच्या अँटिबायोटिकचा चौकोन रिकामा आहे. याचा अर्थ काय? औषध दिलं, पण तेवढ्यात शेजारच्या कॉटवर धावपळ झाली आणि सही राहिली? की औषधच मेडिकलमधून आलं नव्हतं? की सलाईनची सुई निघाली होती? की आजोबा एक्स-रेला गेले होते? की 'नको मला' म्हणाले? आठची सिस्टर एव्हाना बसमध्ये बसली आहे आणि फोन उचलत नाही. नव्या सिस्टरपुढे दोनच रस्ते. दिलं नसेल असं धरून द्यायचं, म्हणजे कदाचित दुसऱ्यांदा. किंवा दिलं असेल असं धरून सोडायचं, म्हणजे कदाचित एकदाही नाही. अँटिबायोटिकच्या बाबतीत पहिला रस्ता बहुधा निभावतो. त्याच चौकोनात इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारं हेपॅरिन असेल तर दोन्ही रस्ते वाईट.

इलेक्ट्रॉनिक चार्ट हा चौकोन रिकामा राहू देत नाही, निदान चुपचाप तरी राहू देत नाही. वेळ झाली की ती नोंद 'बाकी' म्हणून वर येते, उशीर झाला की तिचा रंग बदलतो. ती मिटवायला दोनच उत्तरं चालतात: 'दिलं' किंवा 'दिलं नाही, कारण अमुक'. कारणांची यादी तयार असते. पेशंट एनबीएम आहे म्हणजे ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलाय, उलटी झाली, नकार दिला, औषध उपलब्ध नाही, बीपी कमी लागलं म्हणून डॉक्टरांना विचारून थांबवलं. 'दिलं नाही' हीदेखील नोंदच आहे आणि कधी कधी जास्त मोलाची. सकाळी डॉक्टरांनी बीपी वाढलेलं पाहिलं, तर गोळी पुरत नाहीये की दोन दिवस पोटातच गेली नाहीये हे एका नजरेत कळतं. नाहीतर उगाच तिसरी गोळी सुरू होते.

दुसरी गोष्ट वेळेची. कागदावर सही असते, वेळ बहुतेकदा छापलेली असते: सकाळी आठ. वीस पेशंटांना एकच सिस्टर एकाच वेळी आठ वाजता औषध देऊ शकत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी वीस चार्टवर आठच लागतात. कॉम्प्युटर खरी वेळ टिपतो, ८:०५, ८:४०, ९:१०. नंतर आठवून नोंद केली तर औषध दिल्याची वेळ वेगळी आणि नोंद केल्याची वेगळी, दोन्ही जपल्या जातात. केलेली नोंद खोडता येते, पण खोडलेलं दिसत राहतं: कुणी, कधी, का. व्हाइटनरचा धंदा बंद. थायरॉइडची उपाशीपोटी घ्यायची गोळी, पार्किन्सनची लेव्होडोपा, चार चार तासांनी द्यायची औषधं, यांत खऱ्या वेळेला फार किंमत आहे.

अर्थात हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा नोंद कॉटपाशी, देतानाच होते. गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट लागली की पावती तिथल्या तिथे निघते, संध्याकाळी आठवून कुणी फॅट लिहीत नाही. ट्रॉली घेऊन सगळा वॉर्ड फिरायचं आणि मग नर्सिंग स्टेशनवर बसून वीस जणांचं 'दिलं, दिलं, दिलं' करत जायचं, असं चालत असेल तर तो कागदी चार्टच आहे, फक्त महाग. सिस्टर तुमच्या कॉटपाशी उभी राहून टॅबवर काही करत असेल, तर ते चांगलं लक्षण समजा. टॅब कॉटपासून दूर असेल तेव्हा काळजी करा.

आता एक डोस कसा प्रवास करतो ते बघू. जतच्या आजोबांना न्यूमोनिया झालाय. डॉक्टर चार्ट उघडतात. पहिल्याच पानावर वजन आणि ॲलर्जी मागितली जाते, बऱ्याच प्रणालींत ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजोबांना पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठलं होतं असं नातवाने सांगितलं आणि ते भरलं गेलं. डॉक्टरांनी ऑगमेंटिन निवडलं की इशारा येतो, कारण त्यात अमॉक्सिसिलिन आहे आणि ते पेनिसिलिनच्याच घरातलं. डॉक्टर दुसरं औषध निवडतात. ऑर्डर फार्मसीच्या स्क्रीनवर जाते. तिथे डोस, किडनीचा रिपोर्ट, इतर औषधांशी भांडण आहे का ते बघितलं जातं. आजोबा रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनवर असतील आणि कुणी मेट्रोनिडाझोल लिहिलं, तर रक्त जास्तच पातळ होण्याचा धोका फार्मासिस्टच्या नजरेला यावा अशी अपेक्षा असते. मग औषध वॉर्डात येतं. जिथे बारकोडची सोय आहे तिथे सिस्टर आधी आजोबांच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करते, मग औषध. पेशंट तोच, औषध तेच, वेळ तीच असेल तर हिरवा कंदील.

मनगटाची पट्टी कशाला, नाव विचारलं की झालं, असं वाटेल. आपल्याकडे एका वॉर्डात तीन पाटील असणं ही रोजचीच गोष्ट. वरून कॉट नंबरने बोलायची सवय: "बाराला इंजेक्शन द्या." दुपारीच बारा नंबरचा पेशंट आठ नंबरवर हलवलेला असतो. आणि "पाटील ना तुम्ही?" असं विचारलं तर कमी ऐकू येणारे आजोबा कशालाही मान हलवतात. विचारायचंच तर "आजोबा, नाव काय तुमचं?" असं विचारावं, म्हणजे उत्तर त्यांच्या तोंडून येतं.

२०१० मध्ये बोस्टनच्याच एका मोठ्या हॉस्पिटलाने बारकोड आणि इलेक्ट्रॉनिक चार्ट जोडून काय फरक पडला ते प्रसिद्ध केलं. निरीक्षकांनी १४,०००हून जास्त वेळा औषध दिलं जाताना शेजारी उभं राहून पाहिलं होतं. वेळेच्या चुका सोडून बाकीच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. उतरवून घेण्यातल्या चुका ६.१ टक्के होत्या, त्या नाहीशा झाल्या. फायदा मोठा आहे. पण ६.८ म्हणजे शून्य नव्हे, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

कागदाला न जमणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बेरीज. पॅरासिटामॉलचंच घ्या. प्रौढ माणसाला सर्वसाधारणपणे चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर द्यायचं नसतं, ५० किलोहून कमी वजनाच्या माणसाला त्याहूनही कमी. ऑपरेशननंतर १ ग्रॅमचं पॅरासिटामॉल सहा तासांनी शिरेतून चालू आहे. झाले ४ ग्रॅम. सर्जननी दुखण्यासाठी दिवसातून दोनदा एसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी लिहिली, तिच्यात ३२५ मिलिग्रॅम असतं. झाले ४.६५. खाली एसओएसच्या, म्हणजे गरज लागली तरच द्यायच्या औषधांच्या रकान्यात ताप आला तर पॅरासिटामॉल ६५० लिहूनच ठेवलेलं. कागदावर या तीन ओळी तीन वेगळ्या जागी असतात, दोन ठिकाणी ब्रँडचं नाव असतं आणि कुणीच बेरीज करत नाही. चार्ट कॉम्प्युटरवर असेल आणि औषधांची यादी नीट बांधलेली असेल, तर तिसऱ्या डोसआधीच तो हटकतो. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं कोंबलेली कॉम्बिनेशनं इतकी चालतात की या एका कामासाठीसुद्धा मी हा चार्ट लावून घेईन.

"औषधांची यादी नीट बांधलेली असेल तर" हे मात्र सहज म्हटलेलं नाही. यंत्राला दिलेलं खरं मानूनच ते चालतं. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात एका सोळा वर्षांच्या मुलाला एका साध्या अँटिबायोटिकच्या एका गोळीऐवजी साडेअडतीस गोळ्या दिल्या गेल्या. डॉक्टरांनी १६० आकडा टाकला, मनात होतं १६० मिलिग्रॅम. स्क्रीनवर एकक होतं 'दर किलोला मिलिग्रॅम'. यंत्राने १६० ला मुलाच्या ३८.६ किलो वजनाने गुणलं. जास्त डोसचे इशारे आले, ते बंद केले गेले, कारण असे इशारे दिवसभर येतच असतात. यंत्रमानवाने गोळ्या बरोबर मोजून भरल्या. नर्सला शंका आली, तिने बारकोड स्कॅन केला, आणि यंत्र म्हणालं: बरोबर, साडेअडतीसच. मुलाला फिट आली, पुढे तो वाचला. कागदाच्या चार्टवर ३८ गोळ्या वाचून कुणीही हसलं असतं किंवा फोन केला असता. इथे प्रत्येकाला वाटलं, एवढ्या तपासण्यांतून आलंय म्हणजे असेल.

त्या इशाऱ्यांविषयी २००६ मध्ये झालेल्या एका आढाव्यात दिसलं की अभ्यासागणिक ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर बाजूला सारतात. दोष डॉक्टरांचा कमी आणि इशाऱ्यांचा जास्त आहे. प्रत्येक गोळीला ओरडणारा पहारेकरी चोर आल्यावरही ऐकला जात नाही. चांगलं हॉस्पिटल इशारे वाढवत नाही, कमी करत जातं.

काही गोष्टी तर यंत्राला दिसतच नाहीत. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं: बाटलीतलं बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट, पेनातलं १०० युनिट. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. चार्टवर '१० युनिट' अगदी स्वच्छ लिहिलंय, पेशंटची पट्टी स्कॅन झाली, बाटली स्कॅन झाली. पण ४० चं इन्सुलिन केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला मिळतात ४ युनिट. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपीत भरलं, तर मिळतात २५. चार्टवर दोन्ही वेळा '१० युनिट दिले' अशीच नोंद पडते. म्हणून इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड, मॉर्फिन यांच्यासाठी दोघांनी मिळून बघायचं आणि दोघांनी नोंद करायची ही पद्धत इलेक्ट्रॉनिक चार्टमध्येही असते. दुसऱ्या व्यक्तीने सिरिंज डोळ्यांनी बघायची असते. नुसता पासवर्ड टाकून जायचं नसतं.

कापलेल्या स्ट्रिपची गंमत आणखी वेगळी. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात खपाच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला, त्यात नाव, बॅच, एक्स्पायरी वगैरे येतं. पण आपल्याकडे दोन गोळ्या मागितल्या की दोन कापून देतात. कोड एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर, आणि कॉटशेजारच्या पिशवीत नुसते चांदीचे चौकोन. त्यामुळे बारकोड खरा चालवायचा तर फार्मसीला एकेका गोळीची पुडी करून तिच्यावर स्वतःचं लेबल लावावं लागतं. हे काम कटकटीचं आहे. सॉफ्टवेअर विकायला येणारे त्याविषयी फारसं बोलत नाहीत. दुसरीकडे वॉर्डातही पळवाटा निघतात: मनगटाची पट्टी ओली झाली, स्कॅन होत नाही, म्हणून तिची जादा प्रत फाईलला चिकटवायची आणि तीच स्कॅन करायची. झालं, पेशंटकडे न जाता पेशंटची ओळख पटली! एकाच्या लॉगिनवर सगळ्या पाळीने काम करणं हा तसाच प्रकार. अशा वेळी सिस्टरना रागावण्याआधी स्कॅनर किती आहेत, वायफाय शेवटच्या खोलीत पोहोचतं का, वीस पेशंटांना किती जणी आहेत, हे विचारावं.

आणि लाईट गेली तर? वॉर्डातले कॉम्प्युटर बॅटरीवर काही वेळ चालतात, सर्व्हर बंद पडला तर मात्र पर्याय हवाच. नीट चालणाऱ्या ठिकाणी ठराविक वेळाने प्रत्येक पेशंटच्या चालू औषधांची प्रत वॉर्डातल्या एका कॉम्प्युटरवर आपोआप साठते, तिथून छापता येते. तेवढ्यापुरतं कागदावर, आणि प्रणाली सुरू झाली की मधले डोस खऱ्या वेळेसह परत भरायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या घरा-दुकानांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कागदांचं काय होतं ते आपण पाहिलंय. सर्व्हर तळमजल्यावर ठेवला तर त्याचंही तेच होणार.

या चार्टमध्ये नातेवाईकांचा हात लागतो तो दोन वेळा, ॲडमिट होताना आणि घरी जाताना. ॲडमिट होताना विचारतात, घरी कोणती औषधं चालू आहेत? उत्तर येतं, "बीपीची एक पांढरी, शुगरची एक, आणि ती झोपताना घ्यायची बारकी." या उत्तरावर कुठलाही चार्ट उभा राहत नाही. सगळ्या स्ट्रिप, आयुर्वेदिक चूर्ण, गुडघ्यासाठी गावातल्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून आणा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा, नाव आणि मिलिग्रॅम दिसतील असे. आभा क्रमांक, म्हणजे तो चौदा आकडी हेल्थ आयडी, काढला असेल आणि आधीच्या दवाखान्याने कागद त्याला जोडले असतील तर काम सोपं होतं. बहुतेकदा जोडलेले नसतात, म्हणून पिशवी आणाच.

घरी जाताना त्याच चार्टमधून डिस्चार्जची यादी निघते. ती घेताना तीन गोष्टी वेगळ्या करून मागा: आधीपासूनची कोणती चालू ठेवायची, नवीन कोणती आणि किती दिवस, आणि कोणती बंद. तिसरी यादी बऱ्याचदा कागदावर येतच नाही. हॉस्पिटलात बीपीची गोळी बदललेली असते, घरच्या डब्यात जुनी असतेच, आणि आजोबा दोन्ही घेतात. जुन्या गोळीचं नाव यादीत 'बंद' म्हणून लिहून घ्या आणि घरी गेल्यावर तिची स्ट्रिप डब्यातून काढा. हॉस्पिटलच्या मेडिकलमधून घेतलेल्या न कापलेल्या स्ट्रिप बिल होण्याआधी साधारणपणे परत घेतात. कापलेल्या घेत नाहीत.